देवाच्या पाठीवरचा फंदा

या गोष्टीला आजवर माझ्या तोंडाची हवा लागलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, माहेरच्या बहिणीला नाही. देवाला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, कारण गोष्ट त्याच्याच पाठीवरची. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही. गल्लीत कुणाच्या कानावर घातलं तर संध्याकाळच्या आत दुर्गाघाटापर्यंत पोचतं, आणि वाटेत प्रत्येकजण आपलं थोडं मीठमिरची लावतो.

तसं फार मोठं काही नाही. खून नाही, चोरी नाही. लोकरीचा एक फंदा. बस्स.

पण असं मध्येच सांगितलं तर कळायचं नाही. थोडं मागून येते.

काशीत मंगला गौरीच्या गल्लीत आमचं घर आहे. खालच्या मजल्यावर गोपाळकृष्णाचं देऊळ, वर आम्ही. घराणं कोकणातलं म्हणतात; कधी आलं ते आता कुणालाच धड ठाऊक नाही. मी लग्न होऊन सागरहून आले. घरात सासूबाई होत्या, थोरले दीर होते — देवळाची पूजा त्यांच्याकडे — आणि त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी जाऊ. त्यांना सगळे अक्का म्हणतात. माझे यजमान रेल्वेत होते. आता सासूबाई गेल्या, दीर गेले, यजमान रिटायर होऊन पूजा करतात. उरलो आम्ही तिघं.

काशीत देवाला थंडी वाजते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कार्तिक संपला की गल्लीगल्लीतले देव लोकरीत शिरतात ते वसंत पंचमीपर्यंत. कुणाला शाल, कुणाला टोपी. आमच्या गोपाळकृष्णाला दर वर्षी नवी बंडी — पिवळी, घरी विणलेली, घरच्याच बाईच्या हातची. मूर्ती कमरेएवढी. दोन्ही हात एका बाजूला बासरीवर, त्यामुळे बाह्या नसतात. खांद्यावर नाड्या आणि पाठीचा भाग एकसलग. ती पाठ कुणालाच दिसत नाही. देव भिंतीला टेकून उभा.

आणि नियम! सासूबाईंचे नियम म्हणजे काय विचारता. लोकर रामनगरहून आणायची, कारण तिथल्या एका दुकानदाराकडे अजून खरी मिळते. आंघोळ करून विणायला बसायचं. देवाचं विणलेलं उसवायचं नाही — उसवलेली लोकर म्हणजे उष्टी. घरच्या स्वेटरमध्ये फंदा गळला — आम्ही टाक्याला फंदा म्हणतो आणि सुईला सलाई, बनारसचं मराठी, चालवून घ्या — तर आपण क्रोशाच्या सुईनं उचलून वर चढवतो, कुणाला पत्ता लागत नाही. देवाच्या कामात तेही नाही. फंदा गळला तर ते काम गंगेत सोडायचं, आणि ज्या हातून गळला त्या हातानं सलाया दुसरीच्या हाती द्यायच्या. कायमच्या. सासूबाईंनी तशाच अक्कांना दिल्या होत्या, म्हातारपणी, पाठीवरच्या एका फंद्यापायी, स्वतःहून. मी म्हटलं होतं, पाठ कोण बघतंय. तर म्हणाल्या, पाठ माणसाला असते गं, देवाला नसते.

अक्कांचा हात... हेवा वाटायचा, सरळ सांगते. मला नाना नमुने यायचे. वेणी, जाळी, पाकळी, काय म्हणाल ते. माहेरी विणकामाच्या वर्गाला जाऊन शिकले होते मी. अक्कांना आपलं सुलट-उलट, त्यापलीकडे काही नाही. पण विणलेलं हातात घेतलं की असं एकसारखं, जसं काही एका श्वासात विणलंय. मोजत नसत. गप्पा मारत विणायच्या, बोटांना आपसूक कळायचं. अख्ख्या घराचे मोजे, मफलर, कानटोप्या मी विणल्या. कुणी कधी म्हटलं का, कुंदाचा हात बघा? आणि देवाला बंडी चढली की गल्लीतल्या बाया दर्शनाला यायच्या आणि म्हणायच्या, "वाह अक्काजी, का हाथ पाया है!" मी शेजारी प्रसाद वाटत उभी. पोटात दुखायचं. दर वर्षी, त्याच दिवशी, तसंच.

तर एका वर्षी — अक्का तेव्हा साठीच्या — आम्ही दोघी दुपारी गच्चीवर उन्हात बसलो होतो. बंडीची पाठ चालू होती, अर्ध्याच्या वर आलेली. ओळ अर्धी टाकून अक्का कधी उठत नसत. पण खालून आरडाओरडा ऐकू आला की सांड देवळात घुसला. आमच्या गल्लीत हे नवं नाही. केळीचा वास आला की तो थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. अक्का विणकाम तसंच टोपलीत ठेवून धावत खाली गेल्या. धावत — हे लक्षात ठेवा. तेव्हा त्या अंधाऱ्या जिन्यावरून अक्का धावत जायच्या.

टोपली माझ्यासमोर. अर्धी ओळ एका सलाईवर, अर्धी दुसरीवर. टोकाशी एक फंदा, अगदी निसटायच्या बेतात.

मी तो बोटानं ढकलला.

निसटला. मग — हे कसं सांगू? — इथं थांबले असते तरी चाललं असतं. अक्कांनी येऊन बघितला असता, उचलला असता. सलाईवरून निसटलेला फंदा लगेच उचलला तर दोष धरत नसत. म्हणून मी विणकाम खालून हलकेच ओढलं. फंदा आणखी खाली उतरला, काही ओळी. बाकीचे फंदे पुढे सारून जागा झाकली. विणणाऱ्या बाईचा हात, सवयीचा. झाल्यावर मी लिंबू कापून मुळ्याला चोळलं आणि मुळा खात बसले.

अक्का धापा टाकत वर आल्या, सांडाला शिव्या घालत, आणि पुढे विणू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंडी उजेडात धरली. मधोमध उभी रेघ पडली होती, शिडीसारखी. तिच्यावरून बोट खालून वर फिरवून बघितलं. मग मला हाक मारली. "कुंदा, इकडे ये गं. बघ, हा माझ्या हातून गळला का?"

आता बघा. बनारसची गच्ची. माकडं आमच्या पापडांवर, कपड्यांवर, लोकरीच्या गुंड्यांवर जन्मभर टपलेली. आमच्याकडे काही फाटलं, सांडलं, हरवलं की माकडाच्या नावावर जातं. "काल माकड आलं होतं हो टोपलीपाशी" — एवढं एकच वाक्य. खोटंच, पण त्यानं अक्का सुटल्या असत्या. दोष माकडाचा. नवी लोकर आणून त्यांनीच पुन्हा विणलं असतं. वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं.

मी काय म्हणाले? म्हणाले, "असू द्या हो अक्का. डोळ्यांना ताण पडतो आता तुमच्या. वय झालं की होतंच." आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं? फंदा पाडला तो क्षणभराचा मत्सर म्हणता येईल एकवेळ. पण हे गोड बोलणं? ते मी शांतपणे केलं. मला चांगलं आठवतंय, आवाज अगदी मायेचा काढला होता.

अक्कांनी सलाया पदरानं पुसल्या, कपाळाला लावल्या आणि माझ्या हातात दिल्या. वाद नाही, रडणं नाही. अर्धी बंडी घेऊन आम्ही दोघी पंचगंगा घाटावर गेलो. जन्मभर कार्तिकस्नानाला अंधारात त्या पायऱ्या उतरलेली बाई. पहिल्या पायरीशी थांबली आणि म्हणाली, "हात धर गं कुंदा. मला वाटतं मला नीट दिसत नाही." मी हात धरला. पिवळी लोकर पाण्यावर थोडी तरंगली, मग एका नावेच्या आड गेली.

मला वाटलं होतं, विणणं सुटेल. इतकंच वाटलं होतं. तेच हवं होतं मला.

पण माणूस विणकाम नसतं हो, की एक फंदा तेवढाच मोजून सोडवला. अक्कांनी तांदूळ निवडणं सोडलं, खडा राहिला तर? पोथी वाचणं सोडलं, ओळ गळली तर? दिव्यात तेल घालताना मला विचारायच्या, भरला का गं? दीर त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर चांगली आहे, काळजी करू नका. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, त्याला काय कळतंय, माझ्या हातून देवाचा फंदा गळला. पुढे पुढे त्या जिना एकट्या उतरेनाशा झाल्या. मग देवळातही जाईनाशा झाल्या. यजमान आरतीचं तबक वर आणून दाखवतात. दिसत होतं त्यांना. मला ठाऊक होतं, दिसत होतं. बाहेरच्या कठड्यावर बसलेला पोपट दाखवून मला विचारायच्या — "पोपट आहे ना गं तो? का मलाच वाटतंय?"

"पोपटच आहे," मी म्हणायचे. तेवढं खरं बोलायचे.

आणि मी त्यांचं सगळं केलं. न्हाऊ घालण्यापासून. हातात काठी, पाठीला उशी, चहा फुंकून. गल्लीतल्या मिसिराइनबाई सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "देवरानी हो तो ऐसी" — धाकटी जाऊ असावी तर अशी. मी ऐकून घेते. लाज वाटते का? सुरुवातीला वाटायची. आता कानाला सवय झाली आहे. बंडीही दर वर्षी माझ्याच हातची. नमुन्याची, वेणीची. बाया म्हणतात, कुंदाजीच्या हातची सफाई बघा. पहिल्या वर्षी इतका आनंद झाला होता मला, की अक्का वर एकट्या बसल्यात हे तास-दीड तास डोक्यातही नव्हतं.

सांगायचं मनात आलं नाही असं नाही. उद्या सांगू, सणानंतर सांगू, दीर आजारी आहेत — मग दीर गेले, मग कसं सांगायचं? सांगून तरी काय, असंही म्हणत आले. भित्र्या माणसाला कारणांची वाण कधी पडत नाही.

पण मी हे सगळं आज सांगायला बसले ते त्या जुन्या फंद्यासाठी नाही. जुनं असतं तर पोटात घेऊनच गेले असते.

हा यंदाचा कार्तिक. अक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत. उन्हात माझ्याशेजारी बसतात आणि रोज म्हणतात, "हात फिरवू दे गं जरा." मी बंडी त्यांच्या मांडीवर ठेवते. त्या डोळे मिटून बोटं फिरवतात, खालून वर, हळू. तेवढं एक त्यांनी सोडलं नव्हतं. डोळ्यांवरचा भरवसा गेला, बोटांवरचा होता.

एके दिवशी बोटं एका जागी थांबली. मागे गेली, पुन्हा तिथंच आली.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "इथं फंदा गळलाय का गं?" आणि मी काही बोलायच्या आतच, घाईघाईनं, "नाही, मलाच वाटलं असेल. बघ तू."

मी बघितलं. चष्मा पुसून बघितलं. गळला होता. पाठीवर, वेणीच्या कडेला, बऱ्याच ओळी खाली. माझ्याच हातून, आपोआप. कुणी ढकलला नव्हता. मला दिसलाच नव्हता तो. नियमानं काम गंगेत जायला हवं होतं, आणि सलाया — सलाया कुणाला द्यायच्या, तर समोर एकच बाई बसली होती. जिच्या बोटांना अजून सगळं कळत होतं.

मी म्हणाले, "नाही हो अक्का. काही नाही तिथं."

आवाज तोच काढला, मायेचा.

त्यांनी हात काढून घेतला. बोटं पदराला पुसली, एकेक करून. म्हणाल्या, "हातही गेले म्हणायचे आता." मग थोडं हसल्या.

त्या डुलकी घेऊ लागल्यावर मी क्रोशाच्या सुईनं फंदा वर चढवला. बंडी पुरी केली, देवाला चढवली. बाया आल्या, वाह वाह करून गेल्या. पाठ भिंतीला आहे.

अक्का अजूनही माझ्याशेजारी उन्हात बसतात. हात शालीच्या आत असतात. बंडी झाल्यावर मी त्यांच्यासाठी पायमोजे विणायला घेतलेत. परवा मी आपणहून म्हटलं, अक्का, हात फिरवता का? तर म्हणाल्या, नको गं, मला काय कळतंय.