किरणांचा सव्वा महिना

माझा थोरला दोन महिन्यांचा होता. मी बाळंतपणासाठी उंद्रीला माहेरी होते आणि आई मुंबईहून हाडांची तपासणी करून आली होती. आदल्या वर्षी तिच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली होती. आता पाठ दुखू लागली, म्हणून दुखणं हाडांत उतरलं का ते बघायचं होतं. दंडात सुई टोचून किरणांचं औषध सोडतात, भरपूर पाणी प्यायला लावतात आणि दोन-तीन तासांनी यंत्राखाली निजवून फोटो काढतात. त्या काळी आमच्याकडे असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं.

आई दारातच थांबली. मी बाळ पुढे केलं तशी चार पावलं मागे सरली.

“त्याले माह्याजवळ आणू नको, बाई. माह्या अंगात किरणं हायेत.”

लहान बाळ जवळ घेऊ नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं म्हणे. किती दिवस? ते बाबांना ठाऊक नव्हतं. अर्धं ऐकायचं आणि ठासून सांगायचं, ही त्यांची जुनी खोड. मग आईनंच ठरवलं: बाळंतिणीला सव्वा महिना, तर किरणांनाही सव्वा महिना.

तिचा हट्ट काय सांगू! पाळण्याला लांबलचक दोरी बांधून ती स्वयंपाकघरातून झोका द्यायची. अंगाईही तिथूनच, भाकरी थापता थापता. बाळ रडलं की उंबऱ्यापर्यंत यायची आणि माझ्यावरच खेकसायची, “घे न वं त्याले, पाह्यत काय बसली!” मला हसू यायचं, रागही यायचा. आता ते दिवस आठवले की नुसतं भरून येतं.

पंचविसाव्या दिवशी पोस्टानं फोटो आणि अहवाल आला. तो घेऊन आम्ही चिखलीच्या डॉक्टरांकडे गेलो. एसटीतही आई माझ्यापासून दोन बाकं पुढे बसली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला. मणक्यात दोन ठिकाणी डाग होते. ते जपून, शब्द शोधत सांगू लागले. आईनं त्यांना मधेच तोडलं.

“ते राहू द्या, साहेब. किरणं कधी जातीन ते सांगा.”

“किरणं? ती तर दुसऱ्याच दिवशी गेली असतील.”

आई बाबांकडे पाहून एवढंच म्हणाली, “ऐकलं?” आणि माझ्या मांडीवरचं बाळ उचललं. डॉक्टर पुढच्या इलाजाचं सांगत राहिले, बाबा रडू लागले. ती मात्र बाळाच्या टाळूला नाक लावून बसली होती.

त्यानंतर ती सात महिने होती. बाळ तिच्याच अंगाखांद्यावर वाढलं. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्या चोवीस दिवसांसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.