पोच मिळाली का?

गुड मॉर्निंगचे फोटो फोनमध्ये आपोआप साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठतात. मी मुद्दाम जमवत नाही हो! बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी मी छोट्या धंदेवाल्यांना शिकवते. फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाईक कसं मिळवायचं, जाहिरात कशी करायची, असलं सगळं. बुधवार संपला की एखादा तरी किस्सा माझ्याबरोबर घरी येतोच. नवरा दार उघडतानाच विचारतो, "आज कोण?"

म्हटलं, आज तुम्हालाच सांगून टाकावेत. तेवढीच माझी मेमरी रिकामी!

*

सुरुवात कुंदाताईंपासून. कुंदाताई मुरब्याच्या, सुकी मासळी विकतात. आवाज असा खणखणीत, की त्या बोलायला उठल्या की मी माइक बंदच करते.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारत होते, "तुमचं पेज तयार आहे का?"

"हाय ना!" कुंदाताई म्हणाल्या. "सकालीच केली. घोटभर उरली पन आसंल. आनायला हवी होती का?"

सगळा हॉल हसला. त्या मात्र गंभीर. मग मी त्यांना फेसबुकचं पेज म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मंग तसं बोला ना! आमच्या पेजेनं पोट भरतं. तुमच्या पेजनं भरतं का बगू."

पुढच्या बुधवारी मी लाइव्ह कसं जायचं ते शिकवायला घेतलं, तर या पिशवी उचलून निघाल्याच!

"काय झालं ताई?"

"माजा काय उपेग? माजी मासली सुकी. ती लाइव्ह कशी दाकवू?"

*

त्याच बॅचला शिंदेकाका होते. मूळचे साताऱ्याकडचे, इथल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. आता बोईसरला कांदा-लसूण मसाल्याचं छोटंसं दुकान चालवतात. नेहमी पहिल्या रांगेत, पाठ ताठ, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही.

मी एकदा रीच शिकवत होते. सोपं करून सांगावं म्हणून म्हटलं, "रीच म्हणजे पोच. आपली पोस्ट किती लोकांपर्यंत पोचली, ते."

काकांनी हात वर केला. "म्हंजी पोच मिळती व्हय? हापिसात अर्ज दिल्यावर मिळती तशी?"

"तशी नाही काका. किती जणांनी बघितलं, तो आकडा दिसतो."

"किती जणांनी त्ये ऱ्हाऊ द्या. कुणी बघितलं, त्ये दिसतं का?"

"नाही. कोणी कमेंट केली, तरच आपल्याला नाव कळतं."

काकांनी तेवढं वहीत टिपून घेतलं. त्या दिवशी काकूही बरोबर आल्या होत्या. जिन्यात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मसाल्याचं निमित्त आहे हो सगळं," त्या म्हणाल्या. "आमच्या स्वातीनं सातपाटीच्या मुलाशी लग्न केलं, ह्यांना न विचारता. ह्यांनी रागाच्या भरात 'पुन्हा उंबरा चढू नकोस' म्हणून सांगितलं. ती पण ह्यांचीच लेक! नाही चढली. पालघरला राहते. मधे एक उमरोळी स्टेशन, तेवढंच काय ते अंतर! मी गुपचूप फोन करते. हे आता तळमळतात, पण बोललेलं गिळायचं कसं? म्हणून म्हणतात, मी फेसबुकवर दिसतो, तिला बघायचं तर बघेल."

मग जरा हसून म्हणाल्या, "मसाला करायचा म्हटलं की लसूण सोलायचं काम तिचंच. लहानपणापासून. हे दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत."

जीव तुटला अगदी.

*

शर्माजी फर्निचरवाले. बोईसरला येऊन निम्मं आयुष्य गेलं, पण हिंदी अजून गावचंच. मी शिकवलं होतं की पोस्टमध्ये किंमत लिहायची नाही. 'रेटसाठी डीएम करा' असं लिहायचं, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याशी खाजगीत बोलतं.

त्यानंतर शर्माजी वर्गाला येईनात. मी फोन केला.

"मॅडम, हमसे नहीं होगा," ते कळवळून म्हणाले. "सोफे का रेट भी अब डीएम साहब बताएँगे? हमारे गाँव में तो उनसे मिलने में ही महीना निकल जाता है!"

त्यांच्याकडे डीएम म्हणजे आपला कलेक्टर! वर्गात हे सांगितलं, तर कुंदाताई म्हणाल्या, "मंग त्यांना पालघरला धाडा ना. कलेक्टर हापिसात सोफे लागतच आसतील!"

*

एडवणच्या राऊतभाऊंनी समुद्राजवळ दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. माणूस इतका सरळ, की खोटं बोलायची वेळ आली तर पाणी प्यायला उठून जाईल. मी सांगितलं, "भाऊ, तुमच्याकडे काय विशेष आहे ते मोकळेपणानं लिहा."

भाऊंनी लिहिलं, "येथे पाहण्यासारखे काही नाही. समुद्र आहे."

मी कपाळाला हात लावला. पण ठाण्याचं एक कुटुंब आलं की! दोन दिवस राहिलं, आणि जाताना पाच स्टार देऊन गेलं. खाली लिहिलं होतं, "लिहिल्याप्रमाणे काहीही नव्हते. पुन्हा येऊ."

*

आता कमेंटचं. मी सगळ्यांना बजावलं होतं, की कोणीही काहीही लिहो, उत्तर द्यायचंच! काय लिहायचं सुचत नाही म्हणाले, म्हणून एक वाक्यच पाठ करून घेतलं : "धन्यवाद. दुकानाला अवश्य भेट द्या."

कुंदाताईंनी ते असं पाठ केलं की विचारू नका. एका बाईनं त्यांच्या बोंबलांच्या फोटोखाली लिहिलं, "ताई, सासूबाई गेल्या. ऑर्डर कॅन्सल करा."

कुंदाताईंचं उत्तर तयार. "धन्यवाद. दुकानाला अवश्य भेट द्या!"

मी म्हटलं, "अहो ताई, काय हे!"

"तुमीच बोललात ना, काय पन लिवलं तरी हेच लिवायचं!" त्या म्हणाल्या. "आनि तेरावं झाल्यावर आली ती. किलोभर बोंबील घेऊन गेली. सासूला आवडायचे बोलली."

*

शेवटी रीलची पाळी आली. शिंदेकाकांचं रील मी स्वतः दुकानात जाऊन घेतलं. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभे. काकू गल्ल्यापाशी.

"नमस्कार," काकांनी सुरुवात केली. "हा आपला सातारी कांदा-लसूण मसाला. मिरची उन्हात खडखडीत वाळवायची. कांदा तळून घ्यायचा. खोबरं, तीळ, धनं भाजायचं. समदं एकत्र कांडपाला द्यायचं. झाला मसाला."

मी फोन खाली घेतला. "काका, लसूण राहिला! परत घेऊ या."

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, नावातच लसूण आहे! लोक हसतील."

"हसू द्या. हाय तसं टाका, मॅडम."

मी काकूंकडे बघितलं. काकू काहीतरी बोलणार होत्या. काकांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. काकू रुमाल काढून उगीचच वजनकाटा पुसायला लागल्या.

टाकलं. आणि व्हायचं तेच झालं! "काका, लसूण परवडत नाही का?" "हा तर नुसता कांदा मसाला!" "आधी शिकून या!" एकानं तर लसणाच्या गड्डीचा फोटोच टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवलं कोणी, तर मी!

काकांना फोन केला. "काका, निदान उत्तरं तरी द्या लोकांना. पाठ करून घेतलंय ना मी?"

"देतो की," काका शांतपणे म्हणाले. "घाई काय हाय?"

मी रोज रील उघडून बघायचे. कमेंटी वाढत होत्या, काकांचं उत्तर कोणालाच नव्हतं. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "फोन हातात घेऊन बसतात. जेवताना सुद्धा."

शनिवारी दुपारी मी स्टेशनवरून रिक्षानं येत होते, तेव्हा काकांचा फोन आला. एकच वाक्य बोलले.

"मॅडम, पोच मिळाली."

आणि ठेवून दिला. मी घाईघाईनं रील उघडलं. सगळ्यांच्या खाली एक नवी कमेंट होती. स्वातीची.

"पप्पा, लसूण राहिला."

मला रिक्षातच रडू फुटलं, खरं सांगते. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. तिच्या खाली काकांचं उत्तर होतं. इतक्या कमेंटींमधलं त्यांचं पहिलं आणि एकुलतं एक.

"धन्यवाद. दुकानाला सहकुटुंब अवश्य भेट द्या. लसूण सोलायचा राहिलाय."