मी इथे पडलो

एफांगे मास्तरांची ख्याती शिकवण्यासाठी नव्हती, पडण्यासाठी होती. बुएया गावात, मोलिको भागातल्या रस्त्यावर, पफ-पफची गोड भजी तळणाऱ्या बाईच्या वरच्या खोलीत बसून ते प्रोग्रामिंगचे धडे लिहीत आणि दौआला शहरातली एक कंपनी ते आपल्या वेबसाइटवर टाकी. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट असे: 'मी इथे पडलो.' कुठल्या ओळीला गाडं अडलं, किती डोकेफोड झाली, काय केल्यावर सुटलं, सगळं त्यात. ही खोड बापाकडून आलेली. बाप फाको डोंगरावर ओझी वाहायचा. कुठला दगड निसटतो ते उतरणाऱ्याने चढणाऱ्याला सांगायचंच, असा त्या हमालांचा रिवाज. न सांगणाऱ्याला पुढच्या खेपेला कोणी सोबत घेत नसे.

शिकणारी पोरं धडा शेवटून वाचत. आधी मास्तर कुठे आपटले ते, मग बाकीचं.

महिन्याला दोन धडे व्हायचे. कंपनीचं काम बघणाऱ्या एकांबीला ते पुरेनात.

"एवढ्या वेळात कोको पिकतो, पा!" तो फोनवर म्हणाला. वडीलधाऱ्याला तिकडे 'पा' म्हणतात. "आता एआय लिहील. तुम्ही नुसती नजर टाका आणि खाली नाव घाला."

"त्यातला प्रोग्राम चालवून न बघता?"

"बघा की! तुम्हाला कोणी धरून ठेवलंय?"

सुरुवातीला मास्तर प्रत्येक धडा चालवून बघत. निम्म्यांत खोट निघे. एकात तर जगात कुठेच नसलेलं साधन खुशाल वापरायला सांगितलं होतं. पण आठवड्याला दहा धडे येऊ लागले, आणि भाषा अशी गुळगुळीत की संशय घ्यायचं जिवावर येई. मास्तर नुसतं वाचून नाव घालू लागले. एआयने ती चौकटही उचलली होती: 'मी इथे पडलो. वीज गेली आणि नोंदींची फाइल बिघडली. ती पुसून टाकली. प्रोग्राम पुन्हा सुरू करताच राखीव प्रतीतून सगळ्या नोंदी परत आल्या.' मास्तरांना हसू आलं. इतक्या ऐटीत ते स्वतःही कधी पडले नव्हते. त्यांनी नाव घातलं. माणूस लबाड नव्हता, थकला होता. पण धडा वाचणाऱ्याला त्याचं काय?

महिन्याभराने मुयुकाकडच्या एका दवाखान्यातली नर्स लॅपटॉप छातीशी धरून जिना चढून आली. नाव किन्युय.

"पा एफांगे तुम्हीच ना? तुमच्या धड्यांवरून मी लसींची नोंदवही केली. दोनशे बारा लेकरं आहेत त्यात. परवा वीज गेली, फाइल बिघडली. तुमचा धडा काढला आणि तुम्ही केलं तसंच केलं. पुसली."

"मग?"

"मग काय, पाटी कोरी! माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही तिथेच पडला होतात ना? मग उठलात कसे, तेवढं सांगा. सोमवारी आया येऊन उभ्या राहतील."

मास्तरांनी तो धडा तेव्हा पहिल्यांदा चालवला. अर्धा तास गेला. राखीव प्रत ठेवणारी ओळ त्यात नव्हतीच.

"पोरी, मी तिथे पडलोच नव्हतो."

"म्हणजे? खाली नाव तुमचं आहे."

"नाव माझंच आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि पाणी मागितलं.

पुढचे तीन आठवडे मास्तर तिच्याबरोबर दारोदार फिरले. आया गादीखालून, पत्र्याच्या पेटीतून लसींची कार्डं काढून देत आणि मास्तर तारखा उतरवून घेत. कोणी एरूची पालेभाजी खायला बसवलं तर ते नको म्हणत. किन्युय मात्र बसून जेवे.

मग त्यांनी धडा दुरुस्त केला. चौकट बघून एकांबीचा फोन आला, "पा, हे काय लिहिलंय? कंपनीची अब्रू जाईल."

"काढायचं असेल तर खालचं माझं नावही काढ," मास्तर म्हणाले.

मास्तरांच्या नावावर वाचक येत. चौकट राहिली:

'मी इथे पडलो नव्हतो. न चालवता नाव घातलं. इथे किन्युय पडली. ती कशी उठली: घरोघर फिरून. एकोणीस लेकरांच्या तारखा अजून सापडलेल्या नाहीत.'