भरतीची वेळ

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी कधी कम्प्युटरला बोट लावलं नाही, आणि तरीही अख्ख्या अंधेरीत त्यांच्याइतका कम्प्युटर कुणी शिकवला नसेल, हे मान्य करायला मला फार दिवस लागले. शाळेत पहिला कम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कम्प्युटरचा कोर्स केलेली, वयाने सगळ्यांत लहान. मुलं चपला बाहेर काढून आत यायची, आणि मी धुळीच्या भीतीने त्याच्यावरची चादरही न काढता फळ्यावर आकृत्या काढत राहायचे. जूनपासून दिवाळीपर्यंत.

बाई वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. कुणाच्याही तासाला शिरायच्या. पीटीच्या सरांच्या धावण्याच्या वेळा असोत, शिवणाच्या बाईंचे टाके असोत, मग मला त्यांचा एकच प्रश्न: "तुज्या त्या डब्याला विचारू या का गो?" आणि जुन्या नकाशांच्या पाठीवर असे प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर यायच्या. मुलं त्यांच्यामागे, चिठ्ठ्या माझ्याकडे. मला ते फार लागायचं.

तपासनीस यायच्या आदल्या दिवशी त्या सातवीचा वर्ग घेऊन आल्या. "भरतीची वेळ काढायचीय. दार उघड."

"किल्ली घरी राहिली, बाई," मी म्हटलं. किल्ली पर्समध्ये होती.

"ऱ्हाऊ दे," म्हणून त्यांनी व्हरांड्यातच मुलांची रांग लावली. पहिल्याने तिथी विचारायची, दुसरीने तिनाने गुणायची, तिसऱ्याने चाराने भागायची, शेवटच्याने उत्तर ओरडायचं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा त्यांच्या वडिलांचा होडीवरचा हिशेब. गुणणारी घाईत होती. "अगो, तिथी आलीच नाय अजून, तू कशाला गुणतेस?" सगळी हसली, तीही हसली, आणि पुढच्या खेपेला थांबली. चतुर्थीला, म्हणजे चाराला, उत्तर आलं तीन वाजता. प्रोग्रॅमची एकेक ओळ आपल्या नंबराची पाळी येईपर्यंत थांबते, हे मी चार महिने सांगत होते. त्यांनी चार मिनिटांत सांगितलं, तेही दाराबाहेर.

मी पर्समधून किल्ली काढली आणि दार उघडलं. बाईंनी किल्लीकडे पाहिलं. "सापडली का?" एवढंच. मग मुलांनी चादर काढली, रांगेतल्या ओळी एकेक करून टाइप केल्या, आणि पडद्यावरही तीनच आले. बाई दारातच उभ्या राहिल्या. आत बोलावलं तर म्हणाल्या, "नको गो. तुजी खोली."

दुसऱ्या दिवशी तपासनीसांनी हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी गप्प राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. आता दर जूनला मी आधी व्हरांड्यात रांग लावते, मग आत नेते. किल्ली स्टाफरूममध्ये खिळ्याला असते, ज्याला हवी तो नेतो. तरी कुलूप उघडताना मी एकदा मागे वळून बघते. हे कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर या वेळी खरं सांगायचं ठरवलंय.