सरदारीण पूजेआधी रक्त पीत नाही

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा आमच्या कॉलनीने जिंतूरच्याच एका मंगल कार्यालयात ठेवलं होतं. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि मग नाटक… म्हणजे आपलं नाटुकलंच.

गोष्ट विलायती. पडक्या किल्ल्यात राहणारा एक सरदार, दिवसा पेटीत झोपतो आणि रात्री लोकांच्या मानेला दात लावून रक्त पितो. असलं भुताखेताचं मी बघत नाही, पण ह्याचं विनोदी करून लिहिलं होतं आमच्या सूनबाईने, प्रणिताने. बायकांचा कार्यक्रम, म्हणून सरदाराची सरदारीण केली होती. ते काम समोरच्या गल्लीतल्या सुरेखाताईंकडे.

तिच्यासाठी काळा झगा परभणीहून भाड्याने आणायचं चाललं होतं. मीच म्हटलं, कशाला, माझी चंद्रकळा घ्या की… मी दुसरं काही नेसेन. हौसेने इस्त्री करून दिली.

पडदा उघडला. दिवाणाचं झाकण वर करून सुरेखाताई उठल्या, तोंडात मुळ्याचे कोरलेले दात. किल्ल्यात एक वाट चुकलेली बाई येते आणि घाबरून मान पुढे करते. तर सरदारीण म्हणते, "थांब गं बाई, माझी पूजा व्हायचीय अजून. पूजेआधी मी पाण्याचा घोट घेत न्हाई, रक्त तर लांबच."

आणि विभूती लावून, डोळे मिटून बसली… ती बाई तशीच, मान वाकडी करून. मग म्हणते कशी, "सरदारीणबाई, मान आखडली की वो माझी. प्यायचं तर प्या, न्हाईतर घरी जाऊ द्या."

हॉल हसून हसून लोळायला लागला. मीही हसले. खरं सांगते, शेजारी बसलेल्या विमलताईंना मी टाळी दिली.

मग त्या बाईने लसूण फेकून मारला. गोष्टीतला सरदार लसणाला भिऊन पळतो म्हणे. ही पळाली नाही, खाली बसून एकेक पाकळी ओटीत वेचायला लागली. "मी खात न्हाई, पण टाकायचा न्हाई. भाव काय चाललाय ठाऊक हाय का तुला?"

विमलताई हसता हसता माझ्याकडे बघून थांबल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "अगं, चंद्रकळा बघितली का… मंगलकाकूंची हाय ती." आणि मागची अख्खी रांग पुन्हा नव्याने हसली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दीक्षा घेतल्यापासून लसूण सोडलेली, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी, भाजीच्या गाड्यावर खाली पडलेली मिरचीसुद्धा उचलून पिशवीत टाकणारी… अशी बाई त्या हॉलमध्ये मी एकटीच. आणि सरदारणीचं लुगडंही मीच इस्त्री करून दिलेलं.

मनात म्हटलं, सूनबाई, माझ्या हातचं खाता खाता तू हे टिपत होतीस होय…

उठून जावं तर सगळ्यांना कळणार. बसून राहिले. स्टेजवर सरदारणीने फुंकर मारून मेणबत्ती विझवली, पदराने पुसली आणि डब्यात ठेवली. "लेकीच्या पहिल्या वाढदिवसाची हाय. तिचं लगीन होईपर्यंत पुरवायचीय."

हे मात्र प्रणिताला माहीत असायचं कारण नव्हतं. केकचा हट्ट आमच्या घरात एकट्या रूपाचा, माझ्या लेकीचा. विझलेली मेणबत्ती मी पुढच्या वर्षासाठी ठेवायची. प्रणिता लग्न होऊन आली तोवर रूपा सासरी गेली होती आणि तो डबाही राहिला नव्हता.

मी मागे वळून बघितलं. रूपा संक्रांतीला माहेरी आली होती. भिंतीला टेकून मोबाईलवर व्हिडिओ काढत होती, हसण्याने हात हलत होता. आणि सुरेखाताईंचं पुढचं वाक्य त्यांच्या आधी तिच्या ओठांवर होतं…

घरी आल्यावर प्रणिता चहा ठेवत खालच्या मानेनं म्हणाली, "आत्या, राग आला का?" आणि माझं ऐकायच्या आधीच पुढे म्हणाली, "मी निम्मं काढून टाकलं वो. रूपाताईंनी फोनवर लय सांगितलं होतं. मी नको म्हणायले होते, त्या म्हणल्या आईच सगळ्यात जास्त हसंल."

"काय काय काढलंस?"

"जाऊ द्या ना आत्या. चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी रूपाला एसटीत बसवून द्यायला गेले. मला लागलं ते तिला कोणी सांगितलं असावं. खिडकीतून म्हणाली, "आई, एवढं काय मनाला लावून घेतीस. लोक प्रेमानंच हसले की." गाडी सुटली, मी हात हलवला.

प्रेमाने हसले असतील. मेणबत्ती जुनी होती, पण केक दर वर्षी ताजा असायचा… तेवढं वाक्य मात्र नाटकात कुठे आलं नाही. ते प्रणिताने गाळलं नसणार. ते तिला कोणी सांगितलंच नसणार.

रूपा, तू हे वाचशीलच. चारचौघांत लिहिलं म्हणून तुला वाईट वाटेल. वाटू दे… मला चारचौघांतच बसवलं होतंस.

आणि प्रणिता, तू काय काय गाळलंस ते मी नंतरही विचारून बघितलं, आणि तू दर वेळी भाजीचा विषय काढतेस. मी तुझ्यावर संशय घेतला होता, तो त्या हॉलमध्येच राहू दे. महादेव तुला सुखात ठेवो… आता मी विचारणार नाही.