नॉन-स्टॅटिक मेथड आणि अकोल्याच्या मॅडम

मागच्या गुरुवारी इथे अमेरिकेत, हर्नडनच्या ऑफिसमध्ये कोडमधली चूक दाखवणाऱ्या एका लाल ओळीसमोर मी दोन तास बसून होते. नऊ वर्षांच्या गॅपनंतर मिळालेली नोकरी, जेमतेम तिसरा आठवडा... आणि साडेतीनला मॅनेजरला डेमो द्यायचा होता.

काम तसं साधं. एका क्लिनिकच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पेशंटच्या अपॉइंटमेंट्स दाखवायच्या. पण मी नॉन-स्टॅटिक मेथड, म्हणजे एखाद्या खऱ्या ऑब्जेक्टलाच देता येणारी आज्ञा, थेट क्लासच्या नावाने कॉल केली होती, एरर येणारच! घाईघाईत मेथडच स्टॅटिक करून टाकली, तर आणखी पाच एरर...

शेजारच्या श्रुतीला विचारता आलं असतं. पण ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान... लाज वाटली.

आणि एकदम अकोल्याच्या कॉलेजची लॅब आठवली. चपला दाराबाहेर काढायच्या, एका कॉम्प्युटरवर तिघी बसायचो... आणि खडूने हात पांढरे झालेल्या आमच्या जोशी मॅडम.

"अगं, नुसतं 'विद्यार्थिनी, उभी राहा' म्हटलं तर कोण उभं राहील? क्लास म्हणजे फक्त प्रकार. आधी खरी मुलगी हवी, मग तिला हाक मार!"

मी नवा ऑब्जेक्ट, म्हणजे ती 'खरी मुलगी', तयार केला, त्याच्यावर मेथड कॉल केली. लाल ओळ गेली... पण स्क्रीन कोरी!

यावरही मॅडम ओरडायच्या, "आज आलेल्या मुलीला कालचा गृहपाठ विचारतेस होय?" खरंच की... माझा ऑब्जेक्ट रिकामा होता. अपॉइंटमेंट्स भरलेला ऑब्जेक्ट अ‍ॅपमध्ये आधीपासून होता, हाक त्याला मारायची होती. तीन वीसला यादी झळकली आणि डेमो नीट पार पडला.

शनिवारी सकाळी मैत्रिणीकडून नंबर घेऊन मॅडमना फोन लावला. त्या आता रिटायर झाल्यात. नाव सांगून सगळी हकिगत ऐकवली. 

मग म्हणाल्या, "आठवतेस तू. वही अगदी टापटीप, पण कधी एक शंका विचारली नाहीस."

"भीती वाटायची, मॅडम."

"आणि मला वाटायचं, या मुलीपर्यंत माझं शिकवणं पोचतच नाहीये..."



पोचलं होतं, मॅडम. तुम्हाला ते सांगायलाच मी एवढी वर्षं लावली.