परत घेतलेले चार तारे

ऑफिसात त्याला सगळे 'अडीच' म्हणत. पाचापैकी अडीच तारे हे त्याचं ठरलेलं माप. मालिका नवीकोरी असो की तिसऱ्या सीझनला परत आलेली, खुनाची असो की प्रेमाची, हा गडी अडीचच्या खाली सहसा उतरायचा नाही आणि वर चढायचा तर त्याहून नाही. अडीच दिले की मालिकावालेही अंगावर येत नाहीत आणि वाचकही. याला कुणी समतोल म्हणायचं, कुणी भित्रेपणा. मला विचाराल तर त्यात दोन्ही होतं, आणि भित्रेपणा जरा जास्तच होता.

पण कामच तसं होतं हो. एक मालिका बघून होते न होते तोच पुढच्या चार दारात उभ्या. मालिकावाले समीक्षकांना भाग आधीच पाठवतात. चित्रावर आडवं, पुसट अक्षरांत ज्याचं त्याचं नाव उमटवलेलं, म्हणजे कुणी बाहेर फोडायला नको. मत कधी छापायचं ती वेळही तेच ठरवून देतात. ती वेळ झाली रे झाली की सगळ्यांची मतं एकदम बाहेर पडतात आणि ज्याला उशीर झाला त्याला कुत्रंही विचारत नाही. त्यामुळे भरदिवसा पडदे ओढून हा बैठकीच्या खोलीत बसलेला असायचा. पाय हलतोय, एका हातात फोन, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेला चहा तिथंच विसरलेला. मध्येच उठायचा, फ्रीज उघडायचा, आत बघायचा, काही न घेता बंद करायचा. लग्न झालं होतं, मोडलंही होतं. "बायकोनं पहिल्या सीझनलाच मालिका सोडली," असं तो स्वतःच हसत सांगायचा. घरात आता तो आणि आई.

या धंद्यातली एक गोष्ट सगळे करतात आणि कुणी बोलत नाही. ती म्हणजे दीडपट वेगानं बघणं. आवाज चिरकत नाही, माणसं धावताना दिसत नाहीत, फक्त मधल्या शांत जागा आक्रसतात. हा गेली कित्येक वर्षं असंच बघत आला होता. इतकं की साध्या माणसांचं बोलणंही त्याला रेंगाळल्यासारखं वाटायला लागलं होतं. आई "अरे, ती शेजारीण आज..." म्हणेपर्यंत हा "आली नाही, कळलं" म्हणून मोकळा. बिचारी अर्धं वाक्य तोंडात धरून बसायची. नंतर नंतर तिनं लांबलचक काही सांगणंच सोडून दिलं.

त्याची धाकटी बहीण संकलक होती. कुठलं दृश्य कुठं कापायचं, कुठं सोडायचं, हे ठरवणारी. तिच्या मालिकेचा पहिला सीझन आला तेव्हा यानं त्यावर लिहायला साफ नकार दिला होता. आपलीच पाठ आपणच थोपटायची नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते योग्यच होतं. पण दुसरा सीझन आला तेव्हा त्यावर लिहिणारी मुलगी नोकरी सोडून गेली होती. संपादकबाईंनी काम याच्या गळ्यात घातलं. "खाली एक ओळ टाक, संकलक माझी बहीण आहे म्हणून. झालं."

झालं तर झालं. निदान ही तरी साध्या वेगानं बघायची, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवलं. सहा भाग आले होते, शेवटचे दोन अजून बहिणीच्या टेबलावरच होते. तो बसला. पण सकाळी त्यानं स्वयंपाकाची कुठलीशी स्पर्धा दीडपटीनं उरकली होती, आणि त्याच्या लॅपटॉपला मागचा वेग लक्षात ठेवायची खोड होती. यानं कोपऱ्यात पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाच्या लगेच ध्यानात आलं असतं. याच्या कानांना तर तोच वेग साधा होता.

आणि गंमत बघा, मालिका त्याला आवडली. मनापासून आवडली. वडील गेल्यावर आई आणि मुलगी त्यांची मोटार शिकवायची शाळा चालवतात, एवढीच गोष्ट. दोन दुपारी तो तिच्यात गुंतून गेला. त्यानं लिहिलं, "दुसऱ्या सीझनमध्ये ही मालिका वयात आली आहे. ती कुठेही रेंगाळत नाही. दुःखालाही इथे बसायला सवड नाही. सहाव्या भागात आई नवऱ्याचे शर्ट ज्या चटपटीतपणे आवरते, त्यातच या बाईचा कणखरपणा दिसतो." आणि चार तारे दिले.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" ऑफिसात जो तो विचारत होता. संध्याकाळपर्यंत मालिकेच्या जाहिरातीवर 'कुठेही रेंगाळत नाही' हे याचे शब्द ठळक झळकले, खाली याचं नाव. तो बहिणीच्या फोनची वाट बघत राहिला. फोन येईना. तेवढ्यात इतरांची मतं वाचली. एकानं लिहिलं होतं, 'संथ, पण काळजाला हात घालणारी.' दुसऱ्यानं तर गोगलगायीची उपमा दिली होती. याला काही समजेना. यांनी झोपा काढल्या की काय, असं म्हणत तो खोलीभर फिरत राहिला.

सकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, एक विचारू? रागावू नकोस."

"का, तारे कमी पडले?"

"कुठल्या वेगानं पाहिलंस?"

तो भडकलाच. "म्हणजे? तुझं काम मी पळवत बघेन? एवढी अक्कल आहे मला."

"एकदा बघ तरी."

फोन कानाला धरूनच त्यानं लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात लिहिलेलं होतं. दीडपट. बहिणीला न बघताच कळलं होतं. ज्या जागा तिनं महिनोन्महिने जपल्या होत्या, त्या याला दिसल्याच नव्हत्या, मग दुसरं काय असणार?

"ऐक," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "निर्मात्यानं तुझा लेख मला पाठवलाय. म्हणतो, जो माणूस अडीचच्या वर जात नाही त्याला वेग आवडलाय, तर शेवटचे दोन भागही असेच चटपटीत करून दे. उद्या संध्याकाळपर्यंत. शेवटच्या भागात आई गाडीत नुसती बसून राहते, गाडी सुरूच करत नाही. सगळी मालिका तिथं येऊन थांबते. त्यालाच पहिली कात्री लागणार. मी भांडले. तर म्हणाला, तुझ्याच भावाचं म्हणणं आहे, माझं नाही."

"मग मी काय करू?"

"चुकलं असं लिही."

"वेड लागलंय का तुला? इथं माणसं कमी करायच्या गोष्टी चालल्यात. आणि एकदा हे कबूल केलं की लोक विचारतील, आजवरच्या किती अशा पाहिल्यास? काय सांगू?"

"बरं. नको लिहूस. सहावा भाग तेवढा एकदा नीट बघ. शर्टांचा." आणि तिनं फोन ठेवला.

मग त्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. बैठकीची खोली, स्वयंपाकघर, पुन्हा बैठकीची खोली. एक मन म्हणे, एका दृश्यानं काय आभाळ कोसळणार आहे? दुसरं म्हणे, नाव तुझं आहे त्या कात्रीवर. आपण मूर्ख ठरलो याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट याचं वाटत होतं की बहीण ओरडली नाही. ती लहानपणापासून अशीच. खूप लागलं की आवाज खाली.

दुपारी अखेर तो बसला. वेग साधा केला, दोनदा खात्री केली. आई चष्मा पुसत येऊन शेजारी बसली. "आपल्या पोरीचंच आहे ना? मग मीही बघते."

त्या साध्या वेगानं त्याचा जीव नकोसा केला. पात्रं बोलून थांबत, आणि मग बघतच राहत. तो पाणी प्यायला उठला. खिडकी लावायला उठला. हात आपोआप लॅपटॉपकडे जायचा, तो त्यानं मांडीखाली दाबून धरला.

"बस ना जरा," आई म्हणाली. "तुझ्या उठाबशांनी मला घेरी यायची."

मग ते दृश्य आलं. पडद्यावरची आई पलंगाच्या कडेला बसली. निळा शर्ट उचलला. कॉलर सरळ केली, तळहातानं दाबली. बाह्या आत घेतल्या, घडी घातली. घडीकडे बघत बसली. मग ती मोडली. पुन्हा कॉलर, पुन्हा तळहात. खरं सांगायचं तर त्याच्या मनात तेव्हाही आलं ते एवढंच, की हे लांबलंय, निम्मं कापलं तरी चाललं असतं.

"पोरीनं माझे हात चोरलेत," आई म्हणाली.

"काय?"

आई पडद्यावरच्या हातांकडेच बघत होती. "तुझे बाबा गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कपाट आवरायला बसले होते मी. तुम्ही दोघं दारात येऊन उभे राहिलात. घडी घालायची, मोडायची. एकच शर्ट होता हातात." ती थांबली. तो पुढचं वाक्य पुरं करायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य त्याला येत नाही. "हात थांबवला असता तर तुमच्या देखत कोसळले असते. म्हणून थांबवला नाही. मला वाटायचं, कुणाच्या लक्षात आलं नसेल."

त्याला ते दार आठवलं. ती सकाळ आठवली. बाहेर माणसं जमली होती आणि आपल्याला तिथून कधी एकदा निघतो असं झालं होतं, एवढंच आठवलं. आईचे हात काही केल्या आठवेनात. 'चटपटीतपणे आवरते' हे स्वतःचे शब्द मात्र पाठ होते, आणि ते आठवून त्याला स्वतःचीच किळस आली.

त्यानं संपादकबाईंना फोन लावला.

"एखादं नाव चुकलं तर दुरुस्ती टाकतो आपण," त्या म्हणाल्या. "ताऱ्यांची दुरुस्ती कधी ऐकलीयस? हसू होईल आपलं."

"माझं होईल. होऊ दे."

"बरं, मग आकडा दे. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"आकडा नाहीये माझ्याकडे. मी मालिका पाहिलीच नव्हती."

बाई बराच वेळ बोलल्या. पदरचं काही काढून दिल्यासारखं शेवटी म्हणाल्या, "टाकते. पण सोमवारी येऊन भेट मला." त्या 'भेट मला'चा अर्थ कळायला फार हुशारी लागत नव्हती.

दुरुस्ती तो एका बैठकीत लिहू शकला नाही. चारदा उठला. शेवटी जे गेलं ते असं होतं: "ही मालिका मी दीडपट वेगाने पाहिली. जी चपळाई मला भावली ती मालिकेत नव्हती, माझ्या यंत्रात होती. चार तारे मी परत घेतो. दुसरे देण्याइतकं नीट मी काही पाहिलेलं नाही. माझ्या शब्दावर या मालिकेतलं काहीही कापू नये, एवढी विनंती."

लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. 'दीडशहाणा' तर पहिल्या पाच मिनिटांत झाला. धंद्यातल्या मंडळींनी चारचौघांत तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दोघांनी तेवढं खासगीत कळवलं, "अरे बाबा, तू बुडालास ते बुडालास, आम्हाला कशाला ओढतोस?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बहिणीचा फोन आला.

"शेवटचा भाग होता तसाच गेला," ती म्हणाली. "निर्माता म्हणाला, तुझ्या भावानंच शब्द फिरवला, आता मी कुणाच्या जिवावर भांडू."

"चला. सुटलो."

"नोकरीचं?"

"सोमवारी कळेल."

पलीकडे ती घुटमळली. "दादा, शर्टांचं पाहिलंस? ते मीच लिहिणाऱ्यांना सांगितलं होतं. ओळखलंस?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. जीभ तिथवर आलीही होती. तिला बरं वाटलं असतं, यालाही वाटलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "साध्या वेगातही नाही ओळखलं. आई शेजारी होती, तिनं सांगितलं तेव्हा कळलं. मी दारात होतो ना गं तेव्हा? मला काहीच कसं आठवत नाही?"

यानं वाट पाहिली.

"होतास ना," ती म्हणाली. "माझा हात धरून उभा होतास. तू सोडला असतास तर मी पळूनच गेले असते. मग मलाही काही दिसलं नसतं."